छपाई, तांबे आणि शाळेची प्रयोगशाळा



स्मृतिव्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, इतिहास, राष्ट्रपुरुषांची चरित्रे असे विषय डोळ्यांपुढे येतात. आजच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘घरच्या घरी मुद्रित मंडल’ हे शब्द वाचून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर आठी उमटली असेल, तर ती मला समजू शकते. तथापि ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते शिक्षक होते, आणि शिक्षकाचे स्मरण करावयाचे तर काही शिकवून व काही शिकून करावे, अशी माझी समजूत आहे. म्हणून हा विषय.

प्रथम या शब्दाचा विचार करू. रेडिओ उघडला, मोटारीच्या स्टार्टरमधले कार्ड बाहेर काढले, किंवा मुलाचे मोडके खेळणे फोडले, तर आत तपकिरी अथवा हिरवी पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा असतात आणि त्या वाटांवर छोटे-छोटे भाग डाखाने बसवलेले असतात. बाजारात हिला ‘पीसीबी’ म्हणतात, दुरुस्तीवाले ‘प्लेट’ किंवा ‘कार्ड’ म्हणतात आणि पुस्तकात तिचे नाव ‘मुद्रित मंडल’ असे येते. त्यातल्या ‘मंडल’ या शब्दाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. मला मात्र ‘मुद्रित’ हा शब्द अधिक मोलाचा वाटतो. मुद्रित म्हणजे छापलेले. ही वस्तू मुळात छापखान्याच्या घरात जन्मली आहे, आणि हे एकदा ध्यानात आले की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

तिचा जन्मदाता पॉल आइस्लर. १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू अभियंता. तिथे छापखान्याच्या व्यवसायाशी त्याचा जवळून परिचय झाला होता. नाझी सावट युरोपवर पसरू लागले तेव्हा, १९३६ साली, तो इंग्लंडला आला आणि लंडनमधल्या एका भाड्याच्या खोलीत त्याने असा रेडिओ सिद्ध केला की ज्याच्या पोटात तारांचा गुंता नव्हता. त्या काळी रेडिओतली प्रत्येक तार हाताने कापून, सोलून, जोडावी लागे. आइस्लरने छापखान्यातली युक्ती उचलली. तांब्याच्या पातळ पत्र्यावर हवी तेवढीच आकृती शाईने झाकावी आणि उरलेले तांबे रसायनाला खाऊ द्यावे. चित्रांचे ठसे करणारे कारागीर हेच शतकानुशतके करीत आले होते. त्याने चित्राच्या जागी वीज नेणारी वाट ठेवली, एवढाच काय तो फरक.

पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. त्याने ही कल्पना एका मोठ्या कंपनीपुढे मांडली, तेव्हा तारा जोडण्याचे काम मुली करतात आणि त्या स्वस्त पडतात, असे उत्तर मिळाल्याची हकीकत सांगितली जाते. अखेरीस त्याला आधार मिळाला तो शिळाछपाई करणाऱ्या एका कंपनीचा. १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. महायुद्धात अमेरिकेने विमानविरोधी तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये मुद्रित मंडलांचा उपयोग केला, आणि युद्धानंतर ती घराघरांतल्या रेडिओंत शिरली. आइस्लर १९९२ साली वारला. ‘मुली स्वस्त पडतात’ या उत्तराकडे मी नंतर पुन्हा येणार आहे.

दुसरा धागा अमेरिकेतला. चेस्टर कार्लसन हा पेटंटच्या कचेरीत काम करणारा गृहस्थ कागदपत्रांच्या नकला करून करून कंटाळला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात त्याने व त्याच्या सहायकाने गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पाटीवर स्थिर विजेच्या साह्याने भुकटी चिकटवून ती कागदावर उतरवली. त्या कागदावर दुसरे काही नव्हते, फक्त तारीख आणि जागेचे नाव होते. आज आपण ज्याला झेरॉक्स म्हणतो त्याचा हा आरंभ. लेझर प्रिंटर हे त्याचेच अपत्य, आणि १९८४ च्या सुमारास ते कचेरीच्या मेजावर येऊन बसले.

या यंत्रांतली काळी भुकटी म्हणजे टोनर. आपण तिला शाई म्हणतो खरे, पण वस्तुतः ते काजळी मिसळलेले बारीक प्लॅस्टिक असते. यंत्रातला तापलेला रूळ ते वितळवून कागदावर बसवतो. आता हे प्लॅस्टिक एकदा वितळले तर पुन्हाही वितळू शकते, आणि रसायनाला दाद देत नाही. म्हणजे आइस्लरला तांबे झाकायला जी शाई हवी होती ती कार्लसनच्या यंत्रातून आयती बाहेर पडते. या दोघांच्या कल्पना एकत्र आणल्या त्या जगभरच्या हौशी मंडळींनी, घरातली इस्त्री हातात घेऊन. कुणा एकाचे नाव या युक्तीला चिकटलेले नाही, आणि ते मला आवडते.

आता आपल्या तहसिलीच्या गावाकडे पाहा. झेरॉक्सचे दुकान आहे. ओळखपत्रे लॅमिनेट करण्याचे यंत्र त्याच दुकानात आहे. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणारा स्क्रीन प्रिंटिंगवाला बुऱ्हाणपुरात शोधावा लागत नाही. इस्त्री घरोघर आहे. ज्या कारखान्याची आपण वाट पाहतो त्याचे निम्मे सामान असे गावात विखुरलेले आहे. कागदाचेच म्हणाल, तर १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालेल्या आपल्या नेपानगरच्या गिरणीने साऱ्या देशाला वृत्तपत्राचा कागद पुरवला. तो कागद मात्र या कामाला चालत नाही हे सांगून टाकतो. तो खरबरीत आणि शोषून घेणारा. टोनर त्याच्या तंतूंत रुतून बसतो आणि सुटत नाही. इथे गुळगुळीत, चिनीमातीसारख्या लेपाचा कागद लागतो. जुन्या रंगीत मासिकाचे पान, दिनदर्शिकेचे पान, किंवा फोटोसाठी मिळणारा चकचकीत कागद. लेप पाण्यात फुगतो, कागद सुटतो आणि टोनर तांब्यावर राहतो.

कृती थोडी विस्ताराने सांगतो, कारण अडचणी कृतीतच असतात.

तांब्याचा पत्रा चढवलेली पाटी दोन जातींची मिळते. एक तपकिरी, कागद व फिनॉलची, जिला दुकानदार हायलम म्हणतात. दुसरी हिरवट, काचतंतू व इपॉक्सीची. मुलांसाठी मी पहिलीच घेतो. ती स्वस्त आहे, सहज कापली जाते, आणि तिला भोके पाडताना काचेची धूळ नाकात जात नाही. तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे तिसावा भाग. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतली तापकीर गल्ली येथे ही पाटी ढिगाने मिळते. इंदूरलाही मिळते. एकदा आणून ठेवली की वर्षभर पुरते.

चित्र काढताना उजव्या-डाव्याचा घोळ होतो. जुन्या छापखान्यात खिळ्यावरचे अक्षर उलटे असे, तेव्हा कागदावर ते सुलटे उमटे. इथेही तेच. पाटीच्या वरून, म्हणजे भाग बसवण्याच्या बाजूने पाहिले असता तांब्याच्या वाटा जशा दिसतील तसे चित्र कागदावर असावे. तो कागद तोंड खाली करून तांब्यावर दाबला की चित्र उलटते आणि तांब्याच्या बाजूने योग्य बसते. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात एखादे अक्षर लिहून ठेवावे. तांब्यावर ते उलटे उमटले पाहिजे की सुलटे, हे आधीच ठरवून ठेवले म्हणजे पाटी वाया जात नाही.

दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या मासिकात मंडलांची प्रत्यक्ष आकाराची चित्रे छापलेली असत, आणि त्यांची झेरॉक्स काढून कितीतरी विद्यार्थ्यांनी आपली पहिली पाटी केली. झेरॉक्सचे यंत्र पुष्कळदा चित्र एक-दोन टक्के ताणते वा आवळते. पत्राच्या नकलेत ते कळत नाही, पण चाळीस पायांच्या आयसीत पहिल्या व विसाव्या पायातले अंतर ४८ मिलिमीटरांहून थोडे अधिक असते. तिथे दोन टक्के म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर, आणि मग शेवटचा पाय भोकात जात नाही. म्हणून इस्त्रीला हात लावण्यापूर्वी कागदावर पट्टी ठेवून मोजावे. इंकजेट प्रिंटरची छपाई इथे निरुपयोगी आहे, कारण ती शाई प्लॅस्टिक नव्हे. ती पाण्यात विरघळून जाते.

पाटी पॉलिश पेपरने घासावी, भांडी घासण्याच्या साबणाने धुवावी, आणि नंतर तांब्याला बोट लावू नये. बोटाचे तेल दिसत नाही, पण टोनरला कळते. इस्त्री पूर्ण गरम, वाफेविना. कागद हलू न देता दोन-तीन मिनिटे दाबावे, कडांवर विशेष. इस्त्रीऐवजी लॅमिनेशनचे यंत्र असेल तर पाटी त्यातून दहा-बारा वेळा फिरवावी. दाब सर्वत्र सारखा मिळतो. इस्त्रीचे काम हातावर अवलंबून असते, यंत्राचे नसते, एवढाच भेद. पाटी निवू द्यावी, पाण्यात पंधरा मिनिटे भिजवावी, आणि अंगठ्याने कागद चोळून काढावा. चोळणे हे धीराचे काम आहे. घाई करणारा मुलगा इथे ओळखू येतो. काही वाट तुटलेली दिसली तर पक्क्या शाईच्या पेनाने जोडावी, दोन वाटा चिकटल्या असतील तर सुईने खरवडावे. पहिल्या खेपेस वाटेची रुंदी एक मिलिमीटरहून कमी ठेवू नये, म्हणजे या दुरुस्त्या थोड्याच कराव्या लागतात.

एकाच चित्राच्या पन्नास पाट्या करावयाच्या असतील तर इस्त्रीचा नाद सोडून स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जावे. लग्नपत्रिकेसाठी तो जी चौकट ताणतो तीच इथे चालते. शाई तेवढी रसायनाला टिकणारी घ्यायची. आपल्या देशातल्या कितीतरी लहान कारखान्यांत पाट्या अशाच छापल्या गेल्या आहेत.

यानंतर तांबे खाणारे रसायन, फेरिक क्लोराइड. अर्धा किलो खडे एक लिटर पाण्यात थोडेथोडे टाकून विरघळवावे. विरघळताना पाणी तापते, म्हणून पाण्यात खडे टाकावे, खड्यांवर पाणी ओतू नये. रंग काळ्या चहासारखा होतो आणि कपड्यावर पडला तर डाग कायमचा. भांडे प्लॅस्टिकचे वा काचेचेच हवे. हे द्रावण लोखंड खाते, ॲल्युमिनियम खाते, आणि स्टीलच्या पातेल्यालाही सोडत नाही. हातमोजे आणि चष्मा लागतो. पाटी त्यात बुडवून भांडे हलके झुलवीत राहावे. द्रावण कोमट असेल तर पंधरा-वीस मिनिटांत, गार असेल तर अर्ध्या तासात उघडे तांबे नाहीसे होते. काही जण हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून वापरतात. काम झटपट होते, पण त्यातून क्लोरीन सुटतो. शाळेच्या खोलीत ते मला मुळीच मान्य नाही.

पाटी धुऊन थिनरने टोनर पुसला की खाली लखलखीत तांब्याच्या वाटा दिसतात. तो क्षण पाहताना मुले बोलायची थांबतात, असा माझा अनुभव आहे. मग एक मिलिमीटरच्या टोकाने भोके पाडावी, भाग बसवावे, डाख लावावा. डाखात शिसे असते, तेव्हा हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. शेवटी स्पिरिटमध्ये राळ विरघळवून तिचा एक हात पाटीवर फिरवावा. तांबे काळे पडत नाही, आणि पुढे डाख लावायलाही ती राळ मदत करते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय विशेषकरून येथे, तापीच्या खोऱ्यात, घेतला तिच्याकडे वळतो. पाटीवरून नाहीसे झालेले तांबे गेले कुठे? ते द्रावणात आहे. घरगुती कृती सांगणारी पुष्कळ मंडळी इथे ‘द्रावण टाकून द्यावे’ असे अर्धे वाक्य लिहून मोकळी होतात. कुठे टाकावे? हिशेब करून पाहू. चाळीस मुलांनी प्रत्येकी पाच सेंटिमीटर चौरस पाटी केली, तर त्या सर्व पाट्यांवर मिळून सुमारे ३१ ग्रॅम तांबे असते. त्यातले पाऊण विरघळले असे धरले तर साडेतेवीस ग्रॅम. आकडा किरकोळ वाटतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने, दुसरा स्रोत नसताना, लिटरमागे १.५ मिलिग्रॅम तांबे ही कमाल मर्यादा घातली आहे. या हिशेबाने एका वर्गाचे तांबे पंधरा हजारांहून अधिक लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवू शकते. मासे आणि शेवाळ यांना तर त्याहून कितीतरी कमी तांबे बाधते.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला हे अधिक समजवावे लागू नये. १६१५ साली बांधलेला कुंडी भंडारा आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. त्यातल्या कुंड्या वरून वेगवेगळ्या दिसतात आणि खालून एका भुयाराने जोडलेल्या आहेत. सातपुड्यातून झिरपणारे पाणी एका कुंडीतून दुसरीत जाते. आपल्या विहिरीही जमिनीखाली एकमेकींना अनोळखी नाहीत. शाळेच्या मागच्या नाल्यात ओतलेली बादली ही आपल्या मालकीची राहत नाही.

उपाय मात्र आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. बुरशीवर फवारायचे बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. शंभर लिटरच्या एक टक्क्याच्या मिश्रणात एक किलो मोरचूद पडतो, आणि त्यात अडीचशे ग्रॅमच्या वर तांबे असते. म्हणजे आपल्या साऱ्या वर्गाचे तांबे त्याच्या एक दशांशाहूनही कमी. फवारणीत ते शेतभर पांगते, आपले मात्र एका बादलीत साठलेले असते, हा भेद विसरता कामा नये. पण रसायन तेच आहे. चुना घातला की विरघळलेले तांबे न विरघळणाऱ्या रूपात येते. तेव्हा वापरून थकलेल्या द्रावणात, मोठ्या बादलीत, थोडाथोडा धुण्याचा सोडा किंवा चुना घालावा. सोडा घातला तर जोरात फेस येतो, म्हणून बादली पाऊण रिकामी हवी. फेस थांबेपर्यंत घालीत जावे. लोखंड व तांबे दोन्ही साक्याच्या रूपाने तळाशी बसतात. बोर्डो मिश्रण ठीक झाले की नाही हे पाहण्यासाठी शेतकरी घासलेला लोखंडी चाकू किंवा विळा त्यात क्षणभर बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. हीच कसोटी वरच्या निवळीला लावावी. ती ढोबळ आहे, प्रयोगशाळेची बरोबरी करणारी नाही, पण तांबूस पाते दिसत असताना ‘झाले’ म्हणण्याचे धाडस कुणाला होणार नाही. निवळीही नाल्यात जाऊ नये. पसरट भांड्यात उन्हात आटू द्यावी. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. साका वाळवून, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत, नाव व तारीख लिहून कुलपात ठेवावा, आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडेच सोपवावा. एका शाळेची बरणी भरायला वर्षे लागतील.

अजून एक युक्ती आहे, ती चित्र काढतानाच करायची. वाटांच्या मधली रिकामी जागा मोकळी न सोडता तांब्यानेच भरून टाकावी, वाटांभोवती बारीक चर तेवढा ठेवावा. मग रसायनाला खायला थोडेच उरते, द्रावण अधिक दिवस पुरते आणि बरणीही सावकाश भरते.

मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा: हे सारे कशासाठी? आज संगणकावर चित्र काढून ते परगावच्या किंवा चीनमधल्या कारखान्याला पाठवले की काही दिवसांत टपालाने पाट्या घरी येतात, त्या दोन्ही बाजूंच्या असतात, हिरव्या लेपाच्या असतात, आणि आपल्या पाटीहून देखण्या असतात. हा आक्षेप खरा आहे. विकायचे उपकरण करावयाचे असेल, बारीक पायांच्या आयसी बसवायच्या असतील, तर पाटी कारखान्यातूनच मागवावी असे माझे स्पष्ट मत आहे. घरात घासलेल्या पाटीवर २३० व्होल्ट नेण्याच्या तर मी पूर्णपणे विरुद्ध आहे. शाळेत बॅटरीच्या वर जाऊ नये.

परंतु या भागातला एक नित्याचा प्रसंग घ्या. केळीच्या बागेत मोटार आहे, वीज अवेळी येते, म्हणून स्टार्टरला ऑटो लावलेले आहे. त्यातले कार्ड जळते. दुरुस्तीवाला ते उघडून पाहत नाही. ‘कार्ड बदला’ म्हणतो. शेतकरी पैसे मोजतो, आणि पाणी दोन दिवस चुकते. जळालेला भाग बहुधा एखादा रिले किंवा ट्रान्झिस्टर असतो. दुरुस्तीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कार्ड ही बंद डबी म्हणूनच शिकवलेली आहे. ज्या मुलाने एकदा आपल्या हाताने वाटा छापल्या, खाल्ल्या जाताना पाहिल्या आणि तुटलेली वाट पेनाने जोडली, त्याला पाटी उलटी करून वाटेचा माग काढण्याची भीती राहत नाही. एवढाच लाभ मी या हस्तव्यवसायाचा मानतो, आणि तो मला पुरेसा वाटतो. त्या मुलाने स्टार्टरला हात लावावा तो मात्र पुढे रीतसर शिक्षण घेऊन, आणि मेन स्विच बंद करून.

मघाशी आइस्लरला मिळालेल्या उत्तराकडे पुन्हा येतो म्हणालो होतो. स्वस्त हात म्हणून माणसाकडे पाहण्याची ती दृष्टी मावळलेली नाही. आपल्या मराठी, हिंदी, कोरकू बोलणाऱ्या घरांतली मुले-मुली शिकून शहरात जातात तेव्हा त्यांना जुळणीच्या रांगेत जागा मिळते. दुसऱ्याने काढलेल्या चित्रावर तिसऱ्याने पाठवलेले भाग बसवायचे. ते काम हलके आहे असे मी म्हणणार नाही. प्रामाणिक श्रमाला मी कधी हलके म्हटलेले नाही. पण चित्र काढण्याचे काम आमच्या मुलीला का येऊ नये, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. त्याला लागणारे साधन तर फुकट आहे. कीकॅड नावाची संगणक-प्रणाली १९९२ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथील एका तांत्रिक शिक्षणसंस्थेतले जाँ-पिएर शारास यांनी सुरू केली. पुढे तिच्या विकासाला जिनिव्हाच्या ‘सर्न’ या जगप्रसिद्ध संशोधनसंस्थेने हातभार लावला. ती कुणीही, कुठेही, मोबदला न देता वापरू शकतो. शाळेतल्या जुन्या संगणकावर लहान मंडल काढण्यापुरती तिची जुनी आवृत्ती चालते.

खेड्यातल्या शाळेला हे झेपेल का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ या गावी मिळते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधनकेंद्रातली नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करताना बुद्धी शिकते, हे त्यांचे सूत्र. त्यांनी आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी कामे करतात, आणि ती कामे खोटी नसतात, गावाला लागणारी असतात. शाळा सोडलेल्या मुलांनाही तिथे जागा असते.

या आश्रमात २००२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या अशा प्रयोगशाळांपैकी ती एक. या प्रयोगशाळांत मंडल करण्याची रीत वेगळी आहे. मेजावर मावणारे एक छोटे यंत्र, सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या टोकाने, तांब्यात चर कोरते. रसायन नाही, त्यामुळे साक्याची बरणीही नाही. विनाइलवर अक्षरे कापणारे जे यंत्र दुचाकीच्या नंबरप्लेटवाल्याकडे असते, त्याच जातीच्या यंत्राने तांब्याची चिकटपट्टी कापून लवचिक मंडलेही केली जातात. पाबळच्या मुलांपुढे जे प्रश्न होते ते दुधाची प्रत तपासण्याचे आणि डिझेल इंजिनाचे टायमिंग जुळवण्याचे होते. कलबाग २००३ साली गेले. काम थांबले नाही.

मी पाबळचे उदाहरण देतो ते यंत्रासाठी देत नाही. ते यंत्र आपल्या शाळेला आज घेता येणार नाही, आणि घ्यावे असा माझा आग्रहही नाही. कोरण्याचे यंत्र बिघडले तर दुरुस्तीला पुन्हा शहर गाठावे लागते. इस्त्री बिघडली तर खकनारमध्येच नीट होते. पाबळमध्ये घेण्यासारखे आहे ते त्यांनी निवडलेले प्रश्न. इथला प्रश्न म्हणून मी पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारे मंडल सुचवतो. तीन-चार ट्रान्झिस्टर, तितकेच रंगीत दिवे, काही रोधक आणि नऊ व्होल्टची बॅटरी. टाकीत वेगवेगळ्या उंचीवर सोडलेल्या तारांना पाणी टेकले की एकेक दिवा लागतो. तारा काही महिन्यांत गंजतात, कारण पाण्यातून एकाच दिशेने वीज वाहते. त्या का गंजल्या हा रसायनशास्त्राचा पुढचा तास. उन्हाळ्यात वाहून जाणारे पाणी किती वाचले, हे मुलांनी मोजून लिहावे.

मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे. सध्या लागेल ते असे: दोन इस्त्र्या, चार प्लॅस्टिकची ताटे, दोन हात-ड्रिल, पाच-सहा डाखण्या, चष्मे, हातमोजे, चुन्याचा डबा, कुलपाचे कपाट आणि एक वही. वहीत प्रत्येक वेळी किती द्रावण वापरले, किती निवळले, साक्याची बरणी कुठवर आली, आणि चाकूच्या कसोटीला काय दिसले, हे विद्यार्थ्यांनीच तारीखवार लिहायचे आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे झेरॉक्सचे किंवा छपाईचे दुकान आहे त्यांनी महिन्यातून एक दुपार आपले यंत्र मुलांना द्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. जुन्या रंगीत मासिकांची रद्दीही शाळेला हवी आहे. पाने चुरगळलेली नसावीत.

उद्या सकाळी नऊ वाजता प्रयोगशाळेत आठवी व नववीच्या मुलामुलींसमवेत पहिली पाटी करावयाची आहे. पालकांना यावयाचे असेल तर त्यांनी अवश्य यावे, मात्र चांगले कपडे घालून येऊ नये.